ताइकोचा इतिहास सांगायचा तर सुरुवात कुठून करायची?

निशिगंधा_सा

नमस्कार मंडळी,

मी कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहते. इथल्या जपानटाउनमधल्या एका हौशी गटात ताइको, म्हणजे जपानी ढोल, वाजवते. पुढच्या महिन्यात वाचनालयात लहान मुलं आणि त्यांच्या आईबाबांसाठी आमचा छोटासा कार्यक्रम आहे. मधल्या दहा मिनिटांत ताइकोचा इतिहास सांगायचं काम माझ्याकडे आलंय.

अशा कार्यक्रमांत ठरलेलं निवेदन असतं: "दोन हजार वर्षांची परंपरा, सामुराईंचं रणवाद्य, देवळातला पवित्र ढोल". यातलं एकेक वाक्य सुटं घेतलं तर त्यात तथ्य आहे. गुन्मा प्रांतात सहाव्या शतकातली ढोल वाजवणाऱ्या माणसाची मातीची मूर्ती सापडली आहे. दरबारी गागाकु संगीतात ढोल आहे, नोह नाटकात आहे, काबुकीत तर आहेच. लढाईत सैन्याला इशारे द्यायला ढोल वापरायचे, हेही खरं.

पण प्रेक्षक समोर बघतात काय? आठ-दहा वादक, लहानमोठे ढोल, प्रत्येकाचा ताल वेगळा आणि सगळ्यांचे हात एकदम वर जाणारे. याला कुमि-दाइको म्हणतात आणि हा प्रकार १९५१ साली सुरू झाला! नागानो प्रांतात, सुवा तलावाच्या काठी. सुरू करणारे दाइहाची ओगुची हे जॅझमधले ड्रमर. तिथल्या सुवा देवस्थानातल्या ढोलवादनाचा एक जुना कागद त्यांच्याकडे आला. जुन्या खुणा कुणाकडून तरी समजून घेऊन त्यांनी ते वाजवून पाहिलं, तर जॅझची सवय असलेल्या कानाला ते फार साधं वाटलं. एवढे ढोल आहेत तर ते एकत्र का वाजवत नाहीत, असा त्यांना प्रश्न पडला. मग ड्रमसेटमध्ये जशी कामं वाटलेली असतात तशी त्यांनी माणसांत वाटली. चढ्या आवाजाच्या शिमे-दाइकोवर सतत चालणारा ठेका, मधल्या ढोलांवर मुख्य चाल, मोठ्या ओ-दाइकोवर घुमारा.

माझं मत असं की ही गोष्ट झाकून 'दोन हजार वर्षं' सांगत राहणं म्हणजे ज्यांनी हे वादन घडवलं त्या माणसांनाच पुसून टाकणं. गटातल्या काही जणांना मात्र वाटतं की '१९५१' ऐकल्यावर लोकांचा हिरमोड होईल.

तुम्ही श्रोत्यांत असता तर काय ऐकायला आवडलं असतं? सुरुवात कुठून करू?

---

खोडसाळ_बंड्या

सुरुवात ढोलापासून करा. आधी वाजवा, मग बोला. पोरं आपोआप गप्प बसतील.

---

ढोलकर_पुणे

मस्त विषय, निशाताई. मी पथकात ढोल वाजवतो, त्यामुळे हा प्रश्न आम्हालाही नवा नाही. मिरवणुकीत लोक विचारतात, "हे शिवकाळापासून चालत आलंय ना?" ढोल जुना, ताशा जुना, गावोगावचे वाजवणारे जुने. पण भगवे फेटे बांधलेली, शंभर-दीडशे कॉलेजच्या पोरापोरींची, 'पहिला हात, दुसरा हात' असं बसवून वाजवणारी पथकं आत्ताआत्ताची आहेत. आमच्यातले कित्येक वादक हे मानायला तयार नसतात. मला तर उलट अभिमान वाटतो, की आपल्या आईबाबांच्या पिढीने उभी केलेली गोष्ट आपण पुढे नेतोय.

एक तांत्रिक प्रश्न. आमच्या ढोलाचं पान सैल पडलं की दोरी ओढून ताणतो. तुमच्या त्या मोठ्या ढोलांना दोरी दिसत नाही, कडेने नुसते खिळे दिसतात. मग ताणता कसे?

---

निशिगंधा_सा

@ढोलकर_पुणे, खिळ्यांच्या ढोलाला नागादो-दाइको म्हणतात आणि तो रोज ताणता येत नाही. कातडं बसवतानाच काय ते ताणायचं. ओढ देणाऱ्या दोऱ्या कातड्याच्या कडेला ओवून खाली बांधतात, खालून जॅकने ढोल उचलत नेतात, आणि कारागीर चक्क वर चढून कातड्यावर पाय आपटतात. मध्येच उतरून काठीने वाजवून आवाज बघायचा, परत चढायचं. मनासारखा आवाज आला की कडेने खिळ्यांच्या रांगा ठोकायच्या आणि उरलेलं कातडं कापून टाकायचं. पुढे कधी सैल पडलंच तर खिळे काढून सगळा खटाटोप पुन्हा. शिमे-दाइको मात्र तुमच्या ढोलासारखा दोरीचा. हल्ली त्याला बोल्टही असतात.

खोड एकाच लाकडाचं, आतून कोरलेलं. सगळ्यात चांगलं केयाकी झाडाचं मानतात. कोरल्यावर ते कित्येक वर्षं नुसतं वाळवत ठेवतात.

---

शंकासुर

धागा रोचक आहे, पण मला मूळ मुद्दाच पटत नाही. सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या गोष्टीला परंपरा का म्हणायचं? एका जॅझवाल्याने जुन्या ढोलांवर नवा बँड बसवला, तो लोकांना आवडला, जगभर गेला. छान झालं. पण मग 'ताइकोचा इतिहास' वगैरे भारदस्त नाव कशाला? सरळ 'आधुनिक जपानी तालवाद्यवृंद' म्हणा.

---

तोक्यो_कट्टा

@शंकासुर, असहमत. मी तोक्योत निशि-कासाईला राहतो. ओगुचींच्या आधी इथे काही नव्हतं अशी तुमची समजूत झालेली दिसते. होतं, भरपूर होतं, फक्त गावोगावी वेगळं होतं आणि आपापल्या जागी होतं.

चिचिबुचं उदाहरण घ्या. तोक्योहून दोनेक तासांवर डोंगरातलं गाव. डिसेंबरच्या २ आणि ३ तारखेला तिथे रात्रीची जत्रा असते. कोरीवकाम केलेले, कंदील लावलेले अवाढव्य लाकडी गाडे माणसं दोरांनी ओढतात, आणि शेवटी एका चांगल्याच उभ्या चढावरून वर नेतात. ढोल वाजत असतो पण वादक दिसत नाहीत. ते गाड्याच्या पोटात, पडद्याआड, दाटीवाटीने बसलेले असतात. एक मोठा ढोल, काही छोटे, एक झांज आणि बासरी. चढाला गाडा लागला की आतला ढोल असा काही पेटतो की ओढणाऱ्यांच्या अंगात बळ येतं. कडाक्याच्या थंडीत उभा राहून मी ते ऐकलंय आणि आवाज नेमका कुठून येतोय तेच आधी कळेना.

हाच ताल पुढे रंगमंचावर आला. मंचावरचे वादक जमिनीवर बसून, ढोल पायांत धरून, पाठ मागे झुकवून वाजवतात ना, ते बसणं या गाड्याच्या पोटातल्या अडचणीतून आलेलं आहे. आता सांगा, हे जुनं की नवं?

दुसरं हाचिजो बेटाचं. एदो काळात, म्हणजे साधारण १६०३ ते १८६८ मध्ये, तिथे गुन्हेगार आणि राजकीय कैदी हद्दपार करून पाठवायचे. तिथली पद्धत म्हणजे एका ढोलाला दोन वादक. एका बाजूने एक जण ठेका धरून राहणार, दुसऱ्या बाजूने दुसरा मनाला येईल तसं वाजवणार. बायकाही वाजवायच्या.

तर ओगुचींनी शून्यातून काही काढलं नाही. त्यांनी दार उघडलं, आणि मग गावोगावचे ताल त्यातून आत आले.

---

रियाज

तोक्योकर, सुरेख लिहिलंय.

माझा रस वेगळ्या बाजूने. मी पखवाज शिकतो. जपानी वादक ताल आधी तोंडाने म्हणतात असं ऐकलंय. ते कसं असतं?

---

निशिगंधा_सा

@रियाज, हो, त्याला कुचि-शोगा म्हणतात. मधोमध पूर्ण ठोका 'डोन', दोन जलद ठोके 'डोको', कडेच्या लाकडावर 'का' किंवा जलद 'कारा', शिमे-दाइकोवर 'तेन' आणि 'तेके'. न वाजवलेल्या जागेलाही बोल आहे, 'सु'. आमच्या गटात नवीन माणसाला काठी हातात घ्यायच्या आधी सगळं तोंडाने म्हणायला लावतात. 'डोन सु डोको डोन' म्हणताना 'सु' गाळलं की शिकवणाऱ्या बाई लगेच थांबवतात. तुमच्याकडे हे वेगळं सांगायची गरजच नाही!

आणि एक, याला जोडूनच. काबुकीत पडद्यामागून मोठा ढोल वाजवून पाऊस, लाटा, वादळ ऐकवतात. बर्फसुद्धा! टोकाला कापड गुंडाळलेल्या काठीने अगदी मऊ, संथ ठोके. बर्फ पडताना खरं तर आवाज होत नाही, तरी ते ठोके ऐकले की प्रेक्षकाला रंगमंचावर बर्फ दिसू लागतो. हे मुलांना करून दाखवायचं मी नक्की ठरवलंय.

---

रियाज

वा! आमचे गुरुजी म्हणतात, जे पढता येत नाही ते वाजवू नये. त्यांना हा प्रतिसाद वाचून दाखवतो. बर्फाचा ठोका तर भारीच.

---

वर्धेकर_आजोबा

धाग्यावर उशिरा आलो. ताइकोचा एक धागा आमच्या वर्ध्यात आहे, तो या निमित्ताने सांगतो.

निचिदात्सु फुजी हे निचिरेन पंथातले जपानी भिक्षू. निप्पोनझान म्योहोजी हा संघ त्यांचा. ते १९३१ साली भारतात आले आणि १९३३ साली वर्ध्याला गांधीजींना भेटले. गांधीजी त्यांना 'गुरुजी' म्हणत, आणि पुढे सगळे फुजी गुरुजीच म्हणू लागले. या पंथाचे भिक्षू हातात पंख्यासारखा एकपदरी ढोल घेऊन चालतात. गोल कडीवर ताणलेलं कातडं, खाली दांडा, दुसऱ्या हातात काठी. त्या ठोक्यावर 'नम्यो हो रेंगे क्यो' हा मंत्र म्हणत जायचं. तो मंत्र सेवाग्रामच्या प्रार्थनेत आला आणि आजही आश्रमाच्या प्रार्थनेची सुरुवात त्याने होते. सेवाग्रामला मुक्काम केलेल्या कुणालाही विचारा, पहाटेच्या अंधारात तो ऐकलेला असतो.

वर्ध्यात आणि मुंबईत वरळीलाही या संघाची स्थानं आहेत. निशाताई, तुमच्या कार्यक्रमात मराठी मुलं असतील तर त्यांना हे जरूर सांगा. जपानी ढोल त्यांच्या आजी-आजोबांच्या मुलखात केव्हाच येऊन पोचलाय.

---

खोडसाळ_बंड्या

काका, वरळीच्या त्या देवळावरून इतकी वर्षं बसने गेलो आणि आत काय आहे ते आज कळलं. या रविवारी जाऊन येतो.

---

निशिगंधा_सा

वर्धेकर आजोबा, हे मला अजिबात माहीत नव्हतं. मनापासून आभार. त्या ढोलाला उचिवा-दाइको म्हणतात, आमच्या गटाकडे लहानमोठ्या आकाराचे आहेत. कार्यक्रमात नक्की घेते.

---

माधवी_ओसाका

निशिगंधा, तू विचारलंस 'काय सांगू', म्हणून लिहिते. वर ढोल कसा मढवतात ते इतकं छान सांगितलंस. पण मढवणारे कोण, हे या धाग्यावर अजून कुणी विचारलेलं नाही.

जपानमध्ये मेलेल्या जनावराचं कातडं काढणं, कमावणं हे काम अशुद्ध मानलं गेलं. ते करणाऱ्यांना एदो काळात समाजाबाहेर ठेवलं, वेगळ्या वस्त्यांत राहायला लावलं. म्हणजे देवळात ढोल पवित्र आणि ज्याने तो घडवला त्याचा विटाळ. १८७१ साली सरकारने हुकूम काढून ही श्रेणी रद्द केली. पण लग्न जुळवताना, नोकरी देताना घराचा पत्ता बघणं थांबलं नाही. १९७५ साली तर उघड झालं की अशा वस्त्यांच्या नावांची यादी छापून गुपचूप विकली जात होती आणि कंपन्या ती विकत घेत होत्या.

ओसाकातला नानिवा भाग ढोल बनवण्यासाठी शेकडो वर्षं ओळखला जातो. आधी तिथली पोरं ढोल बनवायची, वाजवायची नाहीत. बनवलेला ढोल दुसऱ्यांच्या जत्रेत जायचा. १९८७ साली तिथल्या तरुणांनी स्वतःचा ताइको गट काढला आणि नाव ठेवलं 'इकारी', म्हणजे संताप. मी त्यांचं वादन ऐकलंय. वादनाच्या मध्ये ते थांबतात आणि आपल्या वस्तीबद्दल, आपल्या घरातल्या कारागिरांबद्दल बोलतात. आशिहाराबाशी स्टेशनच्या बाहेर रस्त्याच्या कडेने ढोलवादकांचे पुतळे आहेत, बसायची बाकंसुद्धा ढोलाच्या आकाराची. हे त्यांनी स्वतः उभं केलंय.

दोन हजार वर्षं म्हणा की सत्तर, या लोकांना वगळून सांगितलेला इतिहास अर्धवटच.

---

चामडं_आणि_सूर

माधवीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

आमच्या घरात तीन पिढ्या तबला, मृदंग, ढोलकी मढवतात. बैठकीत तबलजीचं नाव पुकारतात, त्याच्या गुरूंचं पुकारतात. पुडी कुणी बसवली, शाई कुणी घोटली, हे माझ्या ऐकण्यात क्वचित आलंय. हलगीचंही तसंच. लग्नात, जत्रेत हलगीशिवाय पान हलत नाही, आणि वाजवणाऱ्याला जेवायला बसवताना पंगत वेगळी, हे माझ्या वडिलांनी बघितलंय. त्यामुळे ओसाकातली गोष्ट मला लगेच कळली, समजावून सांगायला लागली नाही.

निशिगंधाताई, मुलांना सांगताना 'कारागीर' एवढंच म्हणून पुढे जाऊ नका, एवढी विनंती.

---

शंकासुर

कारागिरांबद्दलचं सगळं मान्य. पण वाचनालयात सात-आठ वर्षांच्या मुलांसमोर दहा मिनिटांत अस्पृश्यता, वस्त्यांच्या याद्या, संताप? व्यवहारी प्रश्न विचारतोय. मुलं ढोल बघायला आलेली असतात.

---

माधवी_ओसाका

@शंकासुर, याद्यांचं मुलांना सांगू नकाच. उलट मोठ्यांसमोरही कुठल्या गावाचं, कुठल्या आडनावाचं नाव घेताना जपावं लागतं, कारण तीच नावं शोधत फिरणारे लोक अजूनही आहेत. नानिवाच्या लोकांनी आपलं नाव स्वतः उघड केलं, म्हणून मी ते लिहिलं. पण सात वर्षांच्या मुलाला हे नक्की कळतं: "हा ढोल काही लोकांनी बनवला, सगळ्यांनी वाजवला, आणि बनवणाऱ्यांनाच वाईट वागवलं. मग त्यांच्या नातवंडांनी स्वतः ढोल हातात घेतला." अन्याय मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर कळतो.

---

ढोलकर_पुणे

+१०० माधवीताई.

आणि चामडं_आणि_सूर दादा, आमच्या पथकात हल्ली फायबरची पानं आली, त्यामुळे मढवणाऱ्यांशी आमचा संबंधच तुटत चाललाय. तुम्ही कुठे असता ते व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) कळवा. आमच्या नव्या वादकांना एकदा दुकानात घेऊन यायचंय.

---

चामडं_आणि_सूर

या की, जरूर या. व्यनि केलाय.

---

सहज_भटकी

अवांतर: वर कुणीतरी 'जगभर गेला' म्हटलं, पण कसा गेला त्याची गोष्टही भन्नाट आहे. सादो बेटावर १९६९ च्या सुमारास देन तागायासु नावाच्या माणसाने तरुण मुलं जमवली. ओन्देकोझा हा तो गट. एकत्र राहायचं, पहाटे उठून मैलोनमैल पळायचं आणि मग ढोल. १९७५ साली बॉस्टनची मॅरेथॉन पळून आले आणि शर्यत संपल्यासंपल्या ढोल वाजवायला उभे राहिले! पुढे देन 'ओन्देकोझा' हे नाव सोबत घेऊन बाहेर पडले. मागे राहिलेल्यांनी कोदो नावाने नवा गट केला, त्यांचं पहिलं मोठं वादन १९८१ साली बर्लिनला झालं. सादोवर १९८८ पासून ते दर वर्षी संगीताचा मोठा महोत्सव भरवतात. बोटीने बेटावर जायचं, तंबूत राहायचं, रात्री डोंगरावर वादन ऐकायचं. माझ्या यादीत आहे.

---

खोडसाळ_बंड्या

४२ किलोमीटर पळून ढोल? आमच्या सोसायटीच्या मिरवणुकीत दोन चौक झाले की लोक चहाची गाडी शोधतात.

---

तोक्यो_कट्टा

भटकी, यादीत आहे तर या, इथे उतरायची सोय आहे.

तोक्योतला धागाही जोडतो. ओबोनच्या दिवसांत, म्हणजे पितरांच्या स्मरणाच्या सणात, मोकळ्या मैदानात लाकडी मनोरा उभारतात, त्यावर ढोल, आणि खाली सगळा मोहल्ला गोल फेर धरून नाचतो. त्या मनोऱ्यावर वाजवणाऱ्या तोक्योतल्या तरुणांनी १९५९ साली सुकेरोकु नावाचा गट काढला. ढोल तिरप्या घोडीवर ठेवून अंगाला झोकदार वळण देत वाजवतात ना, ती ढब त्यांची. त्याला 'शहरी' म्हणून नाकं मुरडणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत.

---

शंकासुर

ओबोनवरून आठवलं. निशिगंधा, हा गोष्टींचा खजिना सगळा जपानचा झाला. तुमचा कार्यक्रम आहे अमेरिकेत, श्रोते अमेरिकेतले. तिथे ताइको कसा आला ते कुणीच बोललं नाही. मला वाटतं त्या मुलांसाठी सुरुवात तिथून व्हायला हवी.

---

निशिगंधा_सा

@शंकासुर, धन्यवाद! खरं सांगायचं तर मला सगळ्यात जवळचा भाग तोच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, अमेरिकेने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत डांबलं. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. सुटल्यावर त्या पिढीने गप्प राहायचं ठरवलं. मुलांशी जपानी बोलायचं नाही, वेगळं दिसायचं नाही, आवाज करायचा नाही. त्यांची मुलं १९६०च्या दशकाच्या शेवटी वयात आली. भोवती कृष्णवर्णीयांचा हक्कांचा लढा, व्हिएतनामविरोधी मोर्चे, आणि घरात त्या छावण्यांबद्दल चकार शब्द नाही.

१९६८ साली सेइइचि तानाका यांनी सॅन फ्रान्सिस्कोत पहिला ताइको गट काढला. ते जपानमधून आलेले होते आणि पुढे खुद्द ओगुचींकडे शिकून आले. पण १९६९ साली लॉस एंजेलिसच्या सेन्शिन बौद्ध मंदिरात जे झालं ते इथल्याच मुलांचं. ओबोन संपल्यावर ढोल आत ठेवायचा होता, त्याऐवजी काही जण तो वाजवत बसले. तास गेले, हात सोलपटले, तरी थांबले नाहीत. तिथून किन्नारा ताइको हा गट उभा राहिला. जपानमधून ढोल मागवणं खिशाला परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी दारूची ओकची पिंपं आणली, पट्ट्यांमध्ये गोंद भरून ती पक्की केली, घासली आणि स्वतः कातडं चढवलं. आमच्या सॅन होजेत १९७३ साली इथल्या बौद्ध मंदिरातल्या तरुणांनी सॅन होजे ताइको सुरू केला, तोही पिंपांवरच. अमेरिका-कॅनडातले असंख्य गट आजही पिंपांचे ढोल वाजवतात. मीही पिंपावरच शिकले.

आणि वाजवणाऱ्यांत इथे बायका जास्त आहेत. जपानी वंशाच्या मुलींकडून गप्प, नाजूक असण्याची अपेक्षा होती. त्यांनी पाय फाकवून, कंबर खाली घेऊन, पोटातून हाळी देत ढोल बडवला. छावण्यांबद्दल सरकारने माफी मागावी आणि भरपाई द्यावी यासाठी पुढे मोठी चळवळ झाली, १९८८ साली तो कायदाही झाला. ज्यांच्या आईवडिलांना गप्प बसवलं गेलं होतं त्यांच्या मुलांनी त्या वर्षांत सगळ्यात मोठा आवाज करणारं वाद्य निवडलं, हे मी दर वेळी वाजवताना मनात ठेवते.

---

चामडं_आणि_सूर

ताई, तुमच्या दहा मिनिटांची सुरुवात सापडली. पिंप.

---

रियाज

+१. पिंप समोर ठेवा आणि मुलांना विचारा, हे कशाचं आहे?

---

वर्धेकर_आजोबा

पिंपावरून मागे जा. आधी मंदिरातली मुलं, मग ओगुची, मग चिचिबुचा गाडा, मग ढोल मढवणारे. जसजसं मागे जाल तसतसे ढोल जुने होत जातील.

---

शंकासुर

हे मला पटलं. उलट्या क्रमाने सांगितलं की १९५१ ऐकून हिरमोड व्हायचा प्रश्नच येत नाही. 'परंपरा' शब्दाबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम आहे. :)

---

निशिगंधा_सा

मंडळी, सगळ्यांचे आभार. धागा काढताना एवढं हाती लागेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री क्रम लावला आणि आज गटाला वाचून दाखवला. तो असा.

पडदा वगैरे नाही. एका पिंपाच्या ढोलावर मी ओरोशी वाजवणार, म्हणजे संथ ठोक्यांपासून सुरू करून जलद होत जायचं. मग पिंपाचा प्रश्न आणि १९६९ ची ती रात्र. मुलांकडून 'डोन डोको' म्हणून घेणार, 'सु'सकट. मग ओगुची आणि त्यांचा ड्रमसेट. मग जमिनीवर बसून गाड्याच्या पोटातलं वादन. त्यानंतर कातडं: आमच्याकडे एक फाटलेलं जुनं कातडं आहे, ते मुलांच्या हातात फिरवायचं, आणि ते फिरत असताना माधवीने लिहिलेली वाक्यं, जवळजवळ तशीच. नानिवाचं नाव घेणार, इकारीचं घेणार. त्यानंतर उचिवा-दाइको आणि सेवाग्राम, आजोबांच्या परवानगीने. शेवटी बर्फ.

गटातल्या एका आजींना, ज्यांचा जन्मच छावणीतला आहे, पिंपाचा भाग मी सांगू की तुम्ही, असं विचारलं. त्या म्हणाल्या, मी सांगते.

---

ढोलकर_पुणे

वा! चित्रफीत काढता आली तर इथे टाका, पथकाला दाखवायची आहे. पण ताई, सामुराई कुठे गेले? पोरं तर त्यांच्याचसाठी येतील.

---

निशिगंधा_सा

ते प्रश्नोत्तरांत. कुणीतरी मूल हात वर करून विचारणारच. मग रणढोल कसे इशारा द्यायचे ते वाजवूनच दाखवेन, आणि तेव्हा ढोल एकटाच वाजायचा हेही सांगेन. चित्रफीत नक्की टाकते.